दोन बिलं, दीड रस्ता

एका तालुक्याच्या गावातल्या इंटरनेट सेवादाराचं हे प्रकरण. गाव, माणसं आणि कंपन्या ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत. अडचणी आणि चुका ज्या क्रमाने आल्या, त्याच क्रमाने इथे आहेत.

पार्श्वभूमी

गाव सातारा जिल्ह्यातलं. मालक मूळचे केबलवाले. गच्चीवरच्या छत्र्यांपासून सुरुवात, मग सेट टॉप बॉक्स, मग खांबांवरून फायबर आणि क श्रेणीचा इंटरनेट परवाना. २०२३च्या जुलैत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ३,४०० घरं जोडलेली होती. त्याशिवाय दीडशेच्या आसपास स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेणारे ग्राहक होते: पतसंस्था, दवाखाने, दूध संकलन केंद्रं, दोन पेट्रोल पंप.

वरून येणाऱ्या लाइनी दोन. एक मोठ्या, देशभर जाळं असलेल्या कंपनीची, ४ जीबीपीएस. तिला 'अ' म्हणू. दुसरी मुंबई-पुण्याकडच्या मध्यम कंपनीची, ३ जीबीपीएस, ती 'ब'. मालकांकडे स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवरच्या स्वतंत्र जाळ्याची ओळख) होता आणि पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळालेला /२२ चा आयपीव्ही४ ब्लॉक, म्हणजे १,०२४ पत्ते. तेवढ्यात साडेतीन हजार घरं मावत नाहीत, म्हणून मध्ये सीजीनॅट: एका पत्त्यामागे सहा-सात घरं. आयपीव्ही६ (भरपूर पत्त्यांची नवी पद्धत) मिळालेलं होतं, पण कागदावरच. दोन्ही अपस्ट्रीमशी, म्हणजे वरून लाइन देणाऱ्या कंपन्यांशी, बीजीपी चालू होतं; कोणते पत्ते कुठून गाठता येतात हे जाळी एकमेकांना सांगतात ती ही भाषा. ते दोन वर्षांपूर्वी कुणीतरी एका रात्रीत लावून दिलेलं, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

अडचण

"सर, दोन लाइनींचं भाडं भरतोय. एक भरून वाहतीय आणि दुसरी कोरडी ठणठणीत," हे मालकांचं पहिलं वाक्य. आलेख पाहिल्यावर त्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी पावणेआठपासून साडेअकरापर्यंत 'अ'ची रेघ ४ जीबीपीएसवर इस्त्री केल्यासारखी सपाट. त्याच वेळी 'ब'वर अर्धा जीबीपीएस. तक्रारी सगळ्या त्याच पावणेचार तासांतल्या. सपाट रेघेचा आणखी एक त्रास असा की खरी मागणी किती हे कळत नाही, छताला लागलेलं पाणीच तेवढं दिसतं. माझा अंदाज पाच जीबीपीएसचा होता.

घाई असण्याचं कारण क्रिकेट. विश्वचषक ५ ऑक्टोबरला सुरू होणार होता आणि सामने भारतातच, म्हणजे निम्मा गाव मोबाईलवर बघणार. मालकांना त्याआधी हे मिटवून हवं होतं.

रोगाचं मूळ सापडायला अर्धा तास लागला. बाहेरच्या लुकिंग ग्लासवरून (दुसऱ्या जाळ्यांना कोणते मार्ग दिसतात ते दाखवणारं पान) त्यांच्या /२२ कडे येणारे मार्ग पाहिले. जगातून येणारा जवळजवळ प्रत्येक मार्ग 'अ'तून थेट येत होता. 'ब'चा मार्ग जिथे दिसला, तिथेही बहुतेक वेळा 'अ, मग ब, मग आपण' असाच. 'ब' स्वतःच 'अ'कडून इंटरनेट विकत घेत होता! मग 'अ'च्या राउटरपुढे दोन मार्ग येतात: एक थेट, एक 'ब'ला वळसा घालून. दोन्ही ग्राहकांकडून आलेले, म्हणून लोकल प्रेफरन्स (जाळ्याने स्वतः ठरवलेली पसंती) सारखाच. पुढची कसोटी एएस पाथची लांबी, म्हणजे वाटेत किती जाळी लागतात; तिथे थेट मार्ग जिंकतो. 'ब'च्या वाट्याला उरतात फक्त त्याचे स्वतःचे ग्राहक आणि मुंबईच्या एक्स्चेंजवर (जाळी एकमेकांना थेट जोडली जातात ती जागा) त्याच्याशी जोडलेली जाळी. अर्धा जीबीपीएस तिथून येत होता.

म्हणजे बीजीपीत बिघाड काहीच नव्हता. लिंक किती भरली आहे हे बीजीपीला कळतच नाही. लोकल प्रेफरन्स, पाथची लांबी, ओरिजिन, एमईडी अशी त्याची ठरलेली उतरंड आहे आणि तीत 'गर्दी' नावाची पायरी नाही.

काय काय करता आलं असतं

मालकांच्या मनातला उपाय म्हणजे राउटरमध्ये "निम्मं निम्मं" करणं. ते आधीच झालेलं होतं. बाहेर जाण्यासाठी दोन डिफॉल्ट रूट (सगळ्यासाठीचे सरसकट रस्ते) होते आणि राउटर प्रत्येक फ्लोचा, म्हणजे एकेका जोडणीचा, हॅश (तिच्या पत्त्यांवरून आणि पोर्ट क्रमांकांवरून निघणारा आकडा) काढून वाटणी करत होता. पण ही वाटणी जाणाऱ्या ट्रॅफिकची. घरगुती ग्राहकांचं जाणारं ट्रॅफिक इथे जेमतेम साडेचारशे एमबीपीएस. जे तुंबत होतं ते येणारं, आणि येणारं कुठून यायचं हे पाठवणारे ठरवतात. आपल्या हातात असतं ते फक्त त्यांच्यासमोर काय मांडायचं एवढंच. हे मालकांना पटवायला मला दोन चहा लागले.

'अ'कडून आणखी २ जीबीपीएस घेणं हा सर्वात सोपा मार्ग होता. एक मेल, एक चेक आणि तक्रारी बंद. मी तो उगाच खोडला नाही. पण त्यात 'ब'चं भाडं वाया जात राहणार होतं आणि सगळा भार एकाच खांद्यावर येणार होता.

पूर्ण रूटिंग टेबल, म्हणजे जगातल्या सगळ्या मार्गांची सारणी, घेऊन बारीक धोरण लिहावं, असं नेटवर्क बघणाऱ्या मुलाचं म्हणणं. मुलगा हुशार, पण राउटर म्हातारा. आयपीव्ही४ची पूर्ण सारणी तेव्हाच नऊ लाख मार्गांच्या वर गेली होती. १२ ऑगस्ट २०१४ला तिने ५,१२,००० चा आकडा ओलांडला तेव्हा जगभरातल्या जुन्या राउटरांची स्मृती संपून ते कोसळले होते. आमच्या पेटीचं त्याहून वेगळं काही झालं नसतं. आणि झेपलं असतं तरी फायदा पुन्हा जाणाऱ्या ट्रॅफिकलाच.

उरले दोन उपाय. 'अ'कडे एएस पाथ मुद्दाम लांबवणं, म्हणजे प्रीपेंड. किंवा /२२ चे /२४ असे चार तुकडे (प्रत्येकी २५६ पत्ते) करून वेगवेगळ्या दारांतून दाखवणं.

पहिली रात्र: प्रीपेंड

काहीही करण्याआधी कोणते मार्ग बाहेर सांगायचे ते ठरवणारे फिल्टर पाहिले, तर ते नव्हतेच. 'अ'ने पूर्ण सारणी दिली असती तर ती या राउटरने 'ब'ला जशीच्या तशी ऐकवली असती, आणि 'ब'चं ट्रॅफिक या तालुक्याच्या गावातून मार्गस्थ झालं असतं. फक्त डिफॉल्ट रूट घेत होते म्हणून वाचले. आधी फिल्टर लिहिले: आपला /२२ आणि त्याचे तुकडे सोडून एकही मार्ग बाहेर जाणार नाही.

मग 'अ'कडे एक प्रीपेंड. आपला एएस क्रमांक पाथमध्ये दोनदा दिसला की थेट मार्ग आणि 'ब'चा वळसा एकाच लांबीचे होतात. काही मिनिटांत 'ब' ३ जीबीपीएसला जाऊन आपटला आणि 'अ' दीडवर आला. बरोबरी झाली की 'अ'चे राउटर आपापल्या जवळचं दार निवडतात. 'ब' त्यांना मुंबईत जोडलेला, आपण पुण्यात; बहुतेक माल मुंबईत उतरतो, म्हणून तो मुंबईतूनच 'ब'कडे निघाला. दोन प्रीपेंड करून पाहिले तर 'अ' जवळजवळ रिकामा. पुढच्या वीस मिनिटांत सगळं पूर्ववत केलं.

नळाची तोटी फिरवावी असं वाटून गेलो होतो, पण हे दिव्याचं बटण निघालं. ज्यांचे दोन अपस्ट्रीम एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत, त्यांना प्रीपेंडने थोडंफार साधतं. इथे एक दुसऱ्याच्या पोटात होता.

ही रात्र वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण पीकच्या, म्हणजे सर्वाधिक वापराच्या, वेळी करायला नको होती. रात्री साडेनऊला आपण 'मोजून बघत' होतो, तेव्हा गावात मालिकांची वेळ होती.

दुसरी रात्र: तुकडे

पाकिटावर नुसतं तालुक्याचं नाव असेल तर टपाल तालुक्याला जातं, वाडीचं नाव असेल तर थेट वाडीला. राउटरही नेमक्या पत्त्याला मान देतो. /२४ समोर दिसला की /२२ कितीही जवळचा असो, मागे पडतो. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ अनाउन्स केला, म्हणजे हे पत्ते आपल्याकडे आहेत असं जाहीर केलं, आणि तो बाहेर निसटला. यूट्यूबचा स्वतःचा /२२ जागेवर असूनही जगातलं यूट्यूब काही काळ पाकिस्तानच्या दिशेने गेलं. तिथे जो घात झाला, तेच हत्यार आम्ही आपल्या घरात वापरणार होतो.

आराखडा असा: /२२ दोन्हीकडे राहील, कारण एक लिंक गेली तर सगळं दुसरीवर येण्याची तीच हमी. शिवाय पहिला आणि दुसरा /२४ फक्त 'अ'कडे, तिसरा आणि चौथा फक्त 'ब'कडे. पहिल्यात स्थिर आयपीचे ग्राहक आणि स्वतःचे सर्व्हर, बाकी तिन्ही सीजीनॅटसाठी. /२४ पेक्षा लहान तुकडा बहुतेक जाळी स्वीकारत नाहीत, म्हणून याखाली जाता येत नाही.

'ब'ला आधी फोन केला, कारण आमचं ट्रॅफिक त्यांच्या 'अ'कडच्या लिंकवरूनही येणार होतं. मुंबईत मोकळी जागा आहे म्हणाले.

पहाटे साडेतीनला तिसरा /२४ 'ब'कडून अनाउन्स केला. काहीच हललं नाही. 'ब'च्या लुकिंग ग्लासवर तो दिसतोय, काही परदेशी ठिकाणी दिसतोय, 'अ'मध्ये मात्र पत्ता नाही. मुलगा म्हणाला, "त्यांनी आपल्याला ब्लॉक केलंय." मीही पाऊण तास फिल्टर, प्रीफिक्स लिस्ट असंच चाचपत बसलो.

कारण आरओए. हा पत्त्यांचा ब्लॉक कोणत्या एएसने आणि जास्तीत जास्त किती बारीक तुकड्यापर्यंत अनाउन्स करायचा, याची ती सही केलेली नोंद. मालकांच्या नोंदीत कमाल लांबी २२ लिहिलेली होती. म्हणजे आमचाच /२४ आमच्याच नोंदीनुसार अवैध. 'अ' अवैध मार्ग टाकून देतो, आणि ते योग्यच आहे. सुदैव एवढंच की खालचा /२२ शाबूत असल्यामुळे कुणाचं काही बंद पडलं नाही, ट्रॅफिक जुन्याच रस्त्याने येत राहिलं.

इथे एक निवड होती. कमाल लांबी २४ करून मोकळं व्हायचं, की जे अनाउन्स करणार त्या प्रत्येकाची वेगळी नोंद करायची? परवानगी दिलेला पण आपण न वापरलेला बारीक तुकडा म्हणजे दुसऱ्या कुणाला आपला एएस क्रमांक खोटा लावून तो बळकावायची सोय. २०२२च्या आरएफसी ९३१९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाचा सल्लाही कमाल लांबी सैल सोडू नये असाच आहे. आम्ही पाच नेमक्या नोंदी केल्या: एक /२२ आणि चार /२४. आज चारही वापरात असल्यामुळे फरक काहीच पडत नाही. उद्या एखादा मागे घेतला तर त्याची नोंदही काढायची आठवण राहील, एवढ्यासाठी.

दोन दिवसांनी पुन्हा पहाट. या वेळी 'ब'ची रेघ वर गेली.

"दोनदा रिफ्रेश केलं की उघडतंय"

सकाळी नऊपासून वेगळ्याच तक्रारी. पान उघडत नाही, पुन्हा दाबलं की उघडतं. पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने नेमकं सांगितलं, "आडवाटेने गेल्यासारखं होतंय, कधी पोचतं कधी नाही." तक्रारी फक्त पहिल्या आणि दुसऱ्या /२४ मधल्यांच्या. तिसऱ्या-चौथ्यातले खुशीत.

हे मी आधी ओळखायला हवं होतं. 'ब'ने आमच्या पोर्टवर कडक उलट-मार्ग तपासणी लावलेली होती: पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं, त्या पत्त्याकडे परत जायचा माझा सर्वोत्तम मार्ग याच पोर्टमधून आहे का? नसेल तर पॅकेट फेक. खोट्या पत्त्यांची पॅकेटं रोखायला हे चांगलं. पण आता पहिल्या-दुसऱ्या /२४ चा नेमका मार्ग 'ब'ला 'अ'कडून दिसत होता. त्यामुळे त्या पत्त्यांवरून 'ब'च्या दारातून जाणारं आमचं अस्सल पॅकेटही त्याला बोगस वाटत होतं. आमचा राउटर हॅशवर निम्मे फ्लो तिकडे पाठवणार आणि ते मरणार. पान पुन्हा दाबलं की नव्या जोडणीचा पोर्ट क्रमांक बदलतो, हॅश बदलतो, फ्लो 'अ'वर गेला तर पान उघडतं.

तात्पुरता इलाज म्हणून सोर्स पाहून रस्ता ठरवणारा नियम लावला: पहिल्या-दुसऱ्याचं ट्रॅफिक 'अ'नेच बाहेर, तिसऱ्या-चौथ्याचं 'ब'ने. तासाभरात तक्रारी थांबल्या. 'ब'ने ती तपासणी काढून त्याऐवजी आमच्या /२२ ची साधी यादी लावायला तीन दिवस घेतले. नंतर नियम ठेवायचा की काढायचा यावर मुलाचा आणि माझा वाद झाला. त्याचं म्हणणं, आलं त्याच दाराने गेलं तर शोधायला सोपं. माझं म्हणणं, रूटिंग टेबलमध्ये न दिसणारा नियम सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. नियम काढला. त्याचं म्हणणं चूक होतं असं मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही.

खरी तोटी

/२४ ने काम झालं तरी वाटणी ढोबळच होती. पहिल्या आठवड्यात 'ब' ९० टक्क्यांवर आणि 'अ' पन्नाशीत. चार तुकड्यांच्या खेळात बारीक सुधारणा कुठून करणार?

ती बीजीपीत नव्हती, सीजीनॅटमध्ये होती. कुठल्या ओएलटीवरची (घरोघरचं फायबर जिथे येऊन मिळतं ती पेटी) घरं कुठल्या पूलमधून, म्हणजे पत्त्यांच्या गटातून, बाहेर पडतात हे आपल्याच हातात. ओएलटी अकरा. स्टँडमागची वस्ती दुसऱ्या /२४ वर हलवली की तिचं येणारं सगळं ट्रॅफिक आपोआप 'अ'वर येतं, आणि बाहेरच्या कुणाला काही सांगावं लागत नाही. पहाटे चारला एकेक ओएलटी हलवत, दोन दिवस आलेख बघत, तीन आठवड्यांत पीकला 'अ' २.९ आणि 'ब' २ जीबीपीएसवर स्थिरावले. खरी मागणी ४.९ होती तर. मालकांनी आलेखाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला.

परिणाम, आणि त्यातला खड्डा

गणपतीच्या आधी पहाटे 'अ'ची लिंक मुद्दाम पाडून पाहिली. होल्ड टाइम (पलीकडून काहीच आलं नाही तर बीजीपी किती वेळ वाट बघतं) १८० सेकंदांचा ठेवलेला होता. पोर्ट चालू राहून पलीकडचं जाळं मेलं तर तीन मिनिटं कुणाला पत्ताच लागणार नाही, म्हणून दोघांशीही बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे सतत, झटपट तपासणारी सोय) लावलं. दुसऱ्या चाचणीत 'ब'ने सगळा भार सेकंदांत घेतला. पहाटेचा भार, अर्थात. पीकला ४.९ जीबीपीएस कोणत्याच एका लिंकवर मावणार नाहीत हे मालकांना लिहून दिलं.

अनंत चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात महामार्गाच्या कामावरच्या जेसीबीने गावाबाहेर फायबर तोडली. 'अ' गेला. बीएफडीला काही करायला वावच राहिला नाही, कारण त्याच सेकंदाला 'ब'ही गेला. चार तास दहा मिनिटं गाव अंधारात.

शेवटच्या नऊ किलोमीटरसाठी 'ब'ने 'अ'च्याच केबलमधले दोन तंतू भाड्याने घेतलेले होते. एएस पाथमध्ये जे दिसलं होतं, तेच जमिनीखाली होतं. मला पहिल्या दिवशी कळलं होतं की 'ब' 'अ'कडून इंटरनेट विकत घेतो. त्यावरून पुढचा प्रश्न, म्हणजे केबल कुणाची, विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही, आणि दोन्ही कंपन्यांच्या करारात मार्गाचा नकाशाच नव्हता. मालक रागावले नाहीत. "दोन बिलं येतात म्हणून आम्हाला वाटलं दोन रस्ते आहेत," एवढंच म्हणाले.

आता केलं तर

पहिली भेट राउटरपाशी न होता त्या नऊ किलोमीटरवर, स्कूटरवरून होईल. दोन्ही अपस्ट्रीमकडून केबलचा मार्ग लेखी मागेन. तुकडे करण्याच्या आदल्या दिवशी आरओए आणि उलट-मार्ग तपासणी हे दोन प्रश्न मेलवर विचारून ठेवेन, कारण दोन्हींचं उत्तर पाच मिनिटांचं होतं आणि न विचारल्याने आठवडा गेला. आयपीव्ही६ आधी चालू करेन. सीजीनॅटवरचा ताण कमी झाला असता आणि कापायला पत्त्यांचा तुटवडाही नसता. प्रीपेंडची रात्र मात्र पुन्हा करेन, फक्त पहाटे. तिच्यामुळे 'अ' आणि 'ब'चं नातं जेवढं कळलं तेवढं कुठल्या आकृतीतून कळलं नसतं.

'अ'कडून जादा २ जीबीपीएस घेण्याऐवजी मालकांनी तेवढीच लाइन तिसऱ्या कंपनीकडून घेतली. शेजारच्या तालुक्याकडून, उलट्या बाजूने येणारी. मालक स्वतः तिचे खांब मोजत गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस ती चालू झाली. तिच्यावर /२२ तीन प्रीपेंड लावून आणि पहिला /२४ सरळ, म्हणजे दवाखाने आणि पतसंस्था रोज त्या लाइनीवर आणि बाकी गाव फक्त संकटात.

१९ नोव्हेंबरला अंतिम सामना होता. हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक असल्याचा आकडा नंतर आला. आमच्याकडे एकूण ६.१ जीबीपीएस, त्या गावाचा तोवरचा उच्चांक. 'अ' ३.४, 'ब' २.१, तिसरी ०.६. सपाट रेघ कुठेच नव्हती. आठनंतर, ट्रॅविस हेड टिकून राहिला तसतसे तिन्ही आलेख उतरू लागले आणि साडेनऊला, एरवी गर्दी सर्वात जास्त असते त्या वेळी, गाव जवळजवळ रिकामं झालं.